थाळीचा हिशेब : दहावीच्या 'अर्थनियोजना'तून हॉटेलच्या खरेदीकडे



दहावीच्या गणित भाग १ मधला 'अर्थनियोजन' हा पाठ आपण सगळेच शिकवतो. जीएसटी, इनपुट टॅक्स क्रेडिट, शेअर्स. मुलं सूत्रं पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. मीही तसाच शिकवत आले. यंदा मात्र तो वेगळा शिकवावा लागला. त्याचं कारण वर्गातच, तिसऱ्या बाकावर बसलं होतं.

मी राहते मुरबाड तालुक्यात, शाळा शहापूर तालुक्यात. किन्हवलीच्या रस्त्याने रोजचं जाणं-येणं. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांचं जुन्या मुंबई-नाशिक महामार्गावर छोटं हॉटेल आहे. छोटं म्हणजे सहा टेबलं, बाहेर पत्र्याची पडवी, दुपारी थाळी आणि सकाळ-संध्याकाळ चहा-नाश्ता. ही मुलगी महिन्यातून तीन-चार दिवस शाळेत दिसायची नाही. विचारलं तर म्हणाली, "बाई, बाजाराला जावं लागतं. पप्पांना हिशेब जमत नाही, मी असले की बरं पडतं." मग थोडं थांबून म्हणाली, "दिवाळीनंतर बंदच करू म्हणतात."

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. कसारा घाट चुकवून गाड्या थेट पलीकडे जायला लागल्या. आपल्या तालुक्यातून मोठा रस्ता गेला याचा आनंद आहेच, पण जुन्या रस्त्यावर चहाला थांबणारी गाडी त्यावर थांबत नाही. मुलीच्या अकरावीचा प्रश्न त्या थांबणाऱ्या गाड्यांवर अवलंबून होता.

गिऱ्हाईक वाढवणं आमच्या हातात नव्हतं. पण खरेदीचा खर्च किती आणि तो कुठे कमी होईल, हे तर गणितच आहे. म्हणून मुलीच्या घरच्यांची परवानगी घेऊन आम्ही तोच पाठाचा विषय केला. खाली दिलेले आकडे मी गोल केले आहेत आणि थोडे बदललेही आहेत. कुणाच्या गल्ल्यातला हिशेब जसाच्या तसा चव्हाट्यावर मांडणं योग्य नाही. तुम्हीही हा पाठ घ्याल तर एवढं आधी पाळा. फळ्यावर दुकानाचं नाव नको आणि "तुझ्या पप्पांना किती सुटतात?" हा प्रश्न भर वर्गात तर मुळीच नको.

पहिल्या तासाला फळ्यावर हे मांडलं. रोज ४० थाळ्या, एक थाळी ११० रुपये, म्हणजे ४,४०० रुपये. चहा-नाश्त्याचे ६०० धरून रोजची विक्री ५,०००. महिन्यात २८ दिवस हॉटेल चालू, म्हणजे १,४०,००० रुपये. मुलांचे डोळे मोठे झाले. "बाई, लाखाच्या वर!" मग खर्च लिहिला. किराणा ४०,०००, बाकी गॅस, भाजी, कांदे-बटाटे, दूध, चिकन-अंडी मिळून ३७,०००. एकूण साहित्य ७७,०००, म्हणजे विक्रीच्या ५५ टक्के. भाडं, दोन माणसांचे पगार, वीजबिल मिळून ४२,०००. हातात उरले २१,०००, आणि त्यात नवरा-बायको दोघांचे पहाटे पाचपासूनचे कष्ट. वर्ग एकदम शांत झाला.

मग मी विचारलं, साहित्याचा खर्च १० टक्क्यांनी कमी झाला तर ७,७०० वाचतात. तेवढेच पैसे थाळ्या वाढवून मिळवायचे, तर किती थाळ्या जास्त विकाव्या लागतील? बहुतेकांनी ७,७०० ला ११० ने भागून ७० उत्तर काढलं. चूक. प्रत्येक थाळीमागे ५५ टक्के साहित्यात जातात, उरतात ४९ रुपये ५० पैसे. ७,७०० भागिले ४९.५० म्हणजे १५६ थाळ्या. हे उदाहरण नक्की घ्या. पाठ्यपुस्तकातल्या दहा उदाहरणांनी जे समजत नाही, ते इथे एका भागाकारात समजतं. रस्त्यावरून गाड्या कमी झालेल्या असताना १५६ थाळ्या कुठून आणायच्या?

दुसरी गोष्ट वजनाची. भावाची पाटी आणि खरा भाव यांत फरक असतो, हे मुलांना सांगून पटत नाही, वजन करायला लावावं लागतं. मी प्रयोगशाळेतला काटा वर्गात आणला. एक किलो फुलकोबी पाला-दांडे काढून ६०० ग्रॅमच्या आसपास भरला. ३० रुपये किलोचा फ्लॉवर कढईत पडताना ५० रुपये किलोचा झाला होता. दुधी, कोबी, भेंडी यांत फार जात नाही. मटार शेंगांचा असेल तर निम्म्याच्या आसपास टरफलंच. म्हणजे "आज काय स्वस्त आहे?" या प्रश्नाचं उत्तर बाजारात नसतं, विळीपाशी असतं.

तेलाच्या डब्याचा किस्सा त्याहून मजेदार. एका दुकानात १५ किलोचा डबा २,२५० ला, दुसऱ्यात १५ लिटरचा २,१०० ला. मुलीच्या वडिलांनी अर्थातच दुसरा घेतला होता, दीडशे रुपये वाचले म्हणून. विज्ञानाच्या तासाला घनता शिकवलेली असते ना? खाद्यतेलाची घनता साधारण ०.९१. १५ लिटर तेल म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. भाव पडला किलोला जवळपास १५४ रुपये. पहिल्या डब्याचा १५० रुपये. स्वस्त वाटलेला डबा महाग निघाला. महिन्याला ४५ किलो तेल लागतं, म्हणजे पावणेदोनशे रुपयांचा फरक. रक्कम लहान आहे, पण ती मुलगी त्या दिवसापासून डब्यावरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय पैसे देत नाही.

कांद्याच्या गोणीचंही तसंच. ५० किलोची गोणी २० रुपये दराने हजार रुपयांना मिळाली, किरकोळीत भाव २३. फायदा दिसतो. पण तो होता खरिपाचा लाल कांदा, आणि तो टिकत नाही. उन्हाळ कांदा हवेशीर जागी चार-पाच महिने राहतो, लाल कांद्याला आठ-पंधरा दिवसांत पाणी सुटायला लागतं. गोणीतला आठ किलो सडला. हजार भागिले ४२ म्हणजे पावणेचोवीस रुपये. गोणी घेणं वाईट नाही, पण कोणत्या महिन्यात घेता ते बघायला हवं.

आता जीएसटी. पाठ्यपुस्तकात आपण शिकवतो की व्यापारी खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करतो. मुलीने सरळ विचारलं, "मग पप्पांना तेलावरचे ५ टक्के आणि हॉटेलच्या सिलिंडरवरचे १८ टक्के परत मिळतात का?" नाही मिळत. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असल्याने त्यांची जीएसटी नोंदणीच नाही. आणि नोंदणी असलेलं, बिलावर ५ टक्के लावणारं साधं हॉटेल असतं, तरी १५ नोव्हेंबर २०१७ पासून त्यांना इनपुट टॅक्स क्रेडिट नाही. मग हॉटेलवाल्यासाठी खरेदीवरचा कर हा खर्चच, भाव नेहमी करासकट ताडून बघायचा. यातून एक गंमत निघाली. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या तांदळा-पिठावर ५ टक्के कर आहे, त्यावरच्या गोणीवर नाही. बाजारात २६ किलोच्या गोण्या का दिसतात, हे कोडं एका मुलाने जागच्या जागी सोडवलं. त्या मुलाला चाचणीत वीसपैकी सहा गुण होते.

खरा पेच तिसऱ्या दिवशी आला. भाजीचा खर्च कमी कसा करायचा यावर चर्चा चालली होती. कुणी म्हणालं घासाघीस करायची, कुणी म्हणालं बाजार उठताना जायचं, तेव्हा पडेल भावात देतात. मागून एक मुलगा उठला. "बाई, बाजार उठताना पडेल भावात देते ती माझी आई असते. तिचा भाव पाडायचा का?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही, हे कबूल करते. आपल्या वर्गात हॉटेलवाल्याची मुलगी असते, तशी भाजीवालीचा मुलगाही असतो. एकाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत. शहरातल्या पुस्तकांत 'पुरवठादारांशी वाटाघाटी करा' असं लिहिलेलं असतं, तिथे पुरवठादार बाकावर बसलेला नसतो.

त्या दिवशीचा तास मी तिथेच थांबवला आणि त्या मुलाला आईकडून एकच माहिती आणायला सांगितली : भेंडीचा क्रेट कल्याणच्या मार्केटला पाठवला, तर गाडीभाडं, हमाली, तोलाई जाऊन हातात किलोला किती पडतात? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, त्या आठवड्यात २२ रुपये. आणि हॉटेलसाठी तीच भेंडी शहापुरात घेतली जात होती ४० रुपयांना. मुरबाडच्या शेतातली भेंडी कल्याणला जाते आणि शहापूरला परत येते, त्या फेरीचे १८ रुपये. त्यात गाडीवाल्याचं, हमालाचं, किरकोळ विकणारीचंही पोट आहे, ते मी मुलांना सांगितलं. पण वाट तोडून सरळ दिली तर? ३० रुपयांना ठरलं. आईला आठ जास्त, हॉटेलला दहा कमी. २०१६ साली राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केल्यापासून असं थेट विकायला अडचणही नाही.

थेट खरेदीचं कौतुक ऐकून भाळून जाऊ नका, हेही सांगते. शेतात भेंडी आली की भेंडीच येते. थाळीला रोज वेगळी भाजी लागते. पावसाने दांडी मारली की माल नाही. म्हणून हॉटेलने रोजच्या सहा किलोंतली निम्मीच भाजी अशी घ्यायची ठरवली, बाकीची पूर्वीसारखी बाजारातून. महिन्याला ८४ किलोवर दहा रुपये, ८४० वाचले. पावसाच्या सुरुवातीला मात्र याच बायका शेवळं, टाकळा, भारंगी, पुढे करटोली आणतात. शेवळाला काकड घालून खाज मारायची हे त्यांना येतं, शहरातल्या आचाऱ्याला नाही. त्या भाजीसाठी मुंबईचा माणूस गाडी थांबवतो. ही बचत नव्हे, पण खरेदीची अक्कल नक्की आहे.

उष्ट्याची बादली. आठवडाभर हॉटेलात दोन बादल्या ठेवल्या, एकीत सालं-देठं, दुसरीत ताटातलं उरलेलं. दुसऱ्या बादलीत रोज सरासरी पावणेतीन किलो भात निघाला. शिजवलेला भात तांदळाच्या अडीच-पावणेतीन पट भरतो, म्हणजे रोज एक किलो तांदूळ बादलीत. ४६ रुपये दराने महिन्याला १,२८८ रुपये. वडिलांचा पहिला विचार होता, वाटीचं माप कमी करू. मुलीनेच विरोध केला. ट्रकवाला, शेतावरून आलेला माणूस पोटभर जेवतो, त्याला कमी वाढलं तर उद्या येणार नाही. उरवतात ते गाडीतून फिरायला आलेले. म्हणून आधी निम्मा वाढायचा आणि "भात हवा का?" असं विचारत दुसऱ्यांदा फिरायचं. पैसे तेवढेच. बादली अर्ध्याहून खाली आली, पुढे जवळपास रिकामी झाली.

गॅसबद्दल थोडक्यात. डाळ आणि कडधान्य रात्री भिजवणं, पातेल्यावर झाकण, चहाची भट्टी गिऱ्हाईक नसताना बंद. १९ किलोचं सिलिंडर साडेपाच दिवस पुरायचं ते साडेसहा दिवस पुरायला लागलं. प्रत्येक सिलिंडरवर लावल्याची तारीख खडूने लिहायची, एवढीच युक्ती. १,६५० रुपये किंमत धरली तर महिन्याला १,२९० च्या आसपास वाचतात.

इथे एका मुलाने घरगुती लाल सिलिंडर वापरायचा उपाय सुचवला. "सगळेच वापरतात, बाई." अनुदानाचा गॅस धंद्याला वापरणं गुन्हा आहे आणि त्यात जोखीमही आहे, तो उपाय फळ्यावर लिहिलाच नाही. तळणीचं काळं तेल पुन्हापुन्हा वापरणं हेही तसलंच. तेल वारंवार तापलं की त्यात घातक घटक वाढतात, त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलं तर ते तेल वापरायचं नाही असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. गिऱ्हाइकाच्या पोटातून केलेली बचत आपण शाळेत शिकवायची नाही.

पाण्याचं तर बोलायलाच नको. भातसा, तानसा आमच्या तालुक्यात, पाणी मुंबईला आणि एप्रिल-मेमध्ये हॉटेलवाल्याच्या वहीत टँकरचा खर्च. त्यावर दहावीच्या गणिताकडे उत्तर नाही.

सगळ्यात मोठी चोरवाट निघाली उधारी. किराणा दर पंधरवड्याला उधारीवर यायचा. दुकानदार वेगळं व्याज लावत नव्हता, पण भाव रोखीपेक्षा शंभराला दोन रुपये जास्त. "दोनच रुपये तर," असं वडील म्हणत. मी मुलांना सातवीतलं सरळव्याज आठवायला सांगितलं. शंभरावर १५ दिवसांना दोन, महिन्याला चार, वर्षाला? अठ्ठेचाळीस. द.सा.द.शे. ४८! मुलं आधी हसली, मग पुन्हा पुन्हा करून पाहू लागली. बँकेचं कर्ज घ्यायला घाबरणारा माणूस ४८ टक्क्यांचं कर्ज वर्षानुवर्षं न कळता फेडत होता.

पण हिशेबाच्या बाहेर एक गोष्ट होती. मुलीने सांगितलं, "लॉकडाऊनमध्ये हॉटेल बंद होतं तेव्हा त्याच दुकानदाराने आम्हाला धान्य दिलं. त्याला सोडायचं नाही, असं पप्पा म्हणतात." मला ते पटलं. दुकान सोडायचं नव्हतंच. आईच्या बचत गटातून २०,००० रुपये महिना शेकडा दोनने घेतले आणि त्याच दुकानात रोखीने, रोखीच्या भावाने माल घ्यायला सुरुवात केली. ४०,००० च्या किराण्यावर ८०० जात होते. आता पहिल्या महिन्याचं व्याज ४००, आणि हप्ते फिटतील तसं ते कमी होणार. मुद्रा योजनेतल्या शिशु गटात ५०,००० पर्यंत विनातारण कर्ज मिळतं, तेही मी सांगितलं, पण गटाचे पैसे ओळखीचे होते. दुकानदारही खूश आहे, कारण त्याचेही पैसे अडकत नाहीत.

याच काळात दुसऱ्या एका विद्यार्थ्याने टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावर त्याच्या मामांची पावसाळी टपरी असते, तिचं उदाहरण आणलं. तिथला प्रश्न उलटा आहे. गिऱ्हाईक भरपूर, पण शनिवार-रविवारीच. शुक्रवारी रात्री कणसं, बेसन, दूध, पाव भरून ठेवायचे आणि शनिवारी सकाळी दरड कोसळून घाट बंद, किंवा धबधब्यांवर मनाई आदेश. सगळा माल अंगावर. आम्ही त्यांच्या गेल्या हंगामाच्या आठवणीवरून बारा रविवार मांडले, त्यातले तीन फुकट गेलेले. चारात एक! संभाव्यतेचा पाठ आपोआप सुरू झाला. निष्कर्ष साधा निघाला : बेसन, साखर, चहापत्ती आधी भरा, ती टिकते, दूध आणि पाव शनिवारी सकाळी रस्ता चालू आहे हे विचारून घ्या, कणसं उरली तर मंगळवारपर्यंत चालतात. मामा म्हणाले, हे तर आम्ही करतोच. मग अजून काय हवं? ते अंदाजाने करत होते, पोराने ते कागदावर आणलं.

वही ठेवायचा कंटाळा हा सगळीकडचा आजार. मुरबाडमधलं धसई गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं होतं, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्याचं पुढे काय झालं हा वेगळा विषय, पण आज टपरीवरसुद्धा फोनने पैसे देतात. त्या मुलीने यावर मार्ग काढला. बाजारातली सगळी खरेदी एकाच फोनवरून करायची आणि रात्री त्यातली यादी वहीत उतरवायची. दहा मिनिटांत हिशेब लागतो. आता ती बाजाराला जात नाही, शाळेत येते.

महिनाअखेरीला बेरीज केली. तेल १७३, भाजी ८४०, भात १,२८८, गॅस १,२९०, उधारी ४००. जवळपास चार हजार. ७,७०० चं लक्ष्य आम्ही गाठलं नाही. ४,००० म्हणजे ८१ थाळ्यांएवढं. हॉटेल चालू राहील का, हे वडिलांनी अजून ठरवलेलं नाही. दिवाळीनंतर बघू, म्हणतात.

मागच्या आठवड्यात त्यांनी मुलीबरोबर एक चिठ्ठी पाठवली. त्यांचं म्हणणं, तांदूळ दुकानातून घेण्यापेक्षा भातच घेऊन गिरणीतून काढला तर? साध्या भाताचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये, त्याच्या खाली शेतकरी देणार नाही. सहा महिन्यांसाठी दहा क्विंटल भात २३,६९०, गिरणीचे क्विंटलला ३०० धरून ३,०००. उतारा ६५ टक्के, म्हणजे ६५० किलो तांदूळ, किलोला ४१ रुपये. दुकानातल्या ४६ पेक्षा पाच कमी, सहा महिन्यांत ३,२०० चा फायदा. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने मात्र खाली आणखी चार ओळी लिहिल्या होत्या : पैसे सगळे आधी लागतील, गटाच्या व्याजात साधारण १,६०० जातील, नवा तांदूळ भातात कमी फुगतो, आणि उंदीर. उंदरांचा आकडा कसा धरायचा, असं तिने विचारलं आहे. सोमवारच्या तासाला आम्ही तोच धरणार आहोत.